आधी बी-वन, मग ग्लुकोज

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर सहाव्या-सातव्या आठवड्यात येणारा फोन बहुधा पेशंटचा नसतो, घरच्यांचा असतो. "मॅडम, ह्यांच्या पोटात आठ दिवस काही ठरत नाहीये. पाणीसुद्धा उलटून पडतंय. काल कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावून आणलं, तर आज उठवतच नाहीये." अशा वेळी मी उलटीबद्दल नंतर विचारते. सलाईनच्या बाटलीवर काय लिहिलं होतं, ते आधी विचारते. डी-फाइव्ह (ग्लुकोजचं), डीएनएस (ग्लुकोज आणि मिठाचं) की साधं एनएस (नुसतं मिठाचं)? आणि सलाईन सुरू करण्याआधी बी-वन, म्हणजे थायमिन, दिलं होतं का? यावर हमखास उत्तर येतं, "बाटलीत लाल इंजेक्शन घातलं होतं." तो लाल रंग बी-ट्वेल्व्हचा. त्यावरून बी-वन किती गेलं, गेलं की नाही, काहीच कळत नाही.

पुण्यात अशा पेशंटच्या खाण्यापिण्याचा आणि रिपोर्टांचा पाठपुरावा करणं हे माझं रोजचं काम आहे. ऑपरेशन करणारा सर्जन वेगळा, हृदय बघणारा वेगळा, सांध्यांचा वेगळा. सगळ्यांचे कागद एकत्र येतात ते आहाराच्या टेबलावर. तिथे बसून जे वारंवार दिसतं ते लिहिते आहे.

डी-फाइव्हच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं. एरवी ते निरुपद्रवी. पण ग्लुकोज जाळून ताकद करायची तर पेशींना थायमिन लागतं. शरीरात थायमिनची एकूण शिल्लक 25 ते 30 मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि बाहेरून काही आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत ती संपत येते. इतक्या लवकर दगा देणारं दुसरं जीवनसत्त्व नाही. बी-ट्वेल्व्हचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, लोहाचा काही महिने. म्हणून ऑपरेशननंतर आठवड्यांच्या हिशेबात जे बिघडतं त्यात संशय आधी बी-वनचा घ्यायचा. शिल्लक संपलेल्या माणसाच्या शिरेत ग्लुकोज सोडलं की उरलंसुरलं थायमिनही त्यातच खर्ची पडतं, ग्लुकोज अर्धवटच जळतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं. रात्री सलाईन लावलं आणि सकाळी माणूस गुंगीत, हे असं घडतं.

यातून हृदयावर येतं त्याला ओली बेरीबेरी म्हणतात. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भराभर फिरायला लागतं, हृदय दुप्पट कष्ट करतं आणि मूत्रपिंडं मीठपाणी धरून ठेवतात. पेशंट बसलेला असतानाही नाडी 110-120 लागते. मोज्याचा इलास्टिक घोट्यावर खोल रुततो. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून सावकाश दहा आकडे मोजायचे आणि उचलायचा: तिथे खळगा पडतो, आणि तो बराच वेळ भरून येत नाही. याच वेळी तळपायाला हात लावून बघावा. हृदय कमकुवत झाल्याने आलेल्या सुजेत पाय बहुधा थंड लागतात, बेरीबेरीत ते उबदार असतात. एवढ्या एका खुणेवर निदान होत नाही, पण संशय यायला ती पुरते. टूडी इको काढला तर पंपिंग साठ-पासष्ट टक्के, कधी त्याहून जास्त दिसतं आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात, "हृदय छान आहे म्हणाले." ते छान नसतं, जिवाच्या आकांताने पळत असतं. पुढे एका टप्प्यावर ते एकदम थकतं, रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात. या शेवटच्या रूपाला शोशिन म्हणतात आणि ते काही तासांत जीव घेऊ शकतं.

यावरचं औषध साधं आहे आणि महागही नाही. पण ते शिरेतून द्यावं लागतं, कारण उलट्या होणाऱ्या माणसाला गोळी देऊन उपयोग नाही. डोळे, तोल किंवा शुद्ध यांत गडबड दिसली तर साधारणपणे 500 मिलिग्रॅम थायमिन, साध्या सलाईनमध्ये, अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, असं दोन-तीन दिवस. मग 250 मिलिग्रॅम रोज तीन ते पाच दिवस आणि त्यापुढे तोंडाने 100 मिलिग्रॅम. हे हॉस्पिटलातच व्हायला हवं. क्वचित रिअॅक्शन येते, म्हणून सावकाश सोडतात. बरोबर मॅग्नेशियम बघावंच लागतं. मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेलं थायमिन कामाला लागत नाही, आणि "बी-वन दिलं तरी फरक नाही" असं म्हणून चुकीच्या वाटेला लागायला होतं. पोटॅशियम आणि फॉस्फरसही रोज तपासायचे, कारण बऱ्याच उपासानंतर अन्न सुरू झालं की ही दोन्ही रक्तातून झपाट्याने खाली येतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. योग्य वेळी थायमिन मिळालं तर नाडी आणि सूज काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत उतरू लागते. असा झटपट फरक हाच निदानाचा भक्कम पुरावा. रक्तातल्या थायमिनची तपासणी होते, ती पूर्ण रक्तावर, नमुना उजेडापासून झाकून नेऊन करावी लागते आणि रिपोर्टला दिवस लागतात. नमुना काढून ठेवावा, पण रिपोर्टची वाट बघत औषध अडवू नये.

मेंदूचा बिघाड हा याच कमतरतेचा दुसरा चेहरा: डोळे फडफडणं, दोन-दोन दिसणं, झिंगल्यासारखं चालणं, काहीबाही बोलणं. डोळे, चाल आणि शुद्ध, तिन्हींत गडबड एकदम क्वचितच दिसते. एक दिसली तरी निघावं.

उलट्या का होतात, हेही सोडवावंच लागतं. पहिल्या दोन महिन्यांत मुख्य कारण घाई असतं. स्लीव्ह या ऑपरेशनमध्ये पोटाचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकलेला असतो, पोटाच्या बायपासमध्ये वरची जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी उरते. त्यात कोरडी पोळी, पाव किंवा गिचका भात गेला की बोळा अडकतो. पोळीचा घास सुपारीएवढा, वरणात पूर्ण भिजवलेला आणि दाताखाली अगदी पीठ झालेला हवा. पाणी जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून. एवढं पाळूनही पातळ पदार्थ उलटून पडत असतील तर शिवणीजवळ किंवा स्लीव्हच्या वळणावर नळी आवळली आहे का, ते दुर्बिणीतून बघायचं. फुग्याने ती रुंद करता येते. "अॅसिडिटी आहे" म्हणून आठवडाभर काढू नये. तोंडाने घेतलेलं दोन-तीन दिवस टिकत नसेल तर बी-वनची वेळ झाली, इतका सोपा नियम मी घरच्यांना सांगते.

आणि आपलं "हलकं" खाणं. आजारी माणसाला आपण काय देतो? पांढऱ्या तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, नारळपाणी, ग्लुकोज बिस्कीट. पोटाला हलकं हे खरं, पण सगळी साखर आणि पिष्ट. तांदूळ पॉलिश करताना थायमिन कोंड्याबरोबर जातं. ख्रिस्टियान आइकमन यांनी जावामध्ये 1890 च्या दशकात कोंबड्यांना पॉलिश केलेला तांदूळ घालून पाय लुळे पडताना पाहिले, कोंड्याने ते बरे होताना पाहिले, आणि त्यासाठी 1929 साली त्यांना नोबेल मिळालं. साबुदाण्यात तर पिष्टापलीकडे जवळजवळ काही नाही. ऑपरेशननंतर पहिलं वर्षभर एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे उपास करू नयेत असं मी स्पष्ट सांगते. ज्यांना ते सोडवत नाहीत, त्यांना दूध, ताक, राजगिरा आणि मऊ वाटलेलं दाण्याचं कूट चालतं; शेंगदाण्यात थायमिन चांगलं असतं. घरातल्या मोठ्या माणसांना हे आधी पटवावं लागतं, नाहीतर सूनबाई कसंतरी गुपचूप खिचडीच खाते. आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात माझा फोन जास्त वाजतो.

पेज द्यायचीच तर मुगाच्या डाळीची, नाचणी-सत्त्व घालून, वर साय काढलेलं दही फेटून. प्रथिनं दिवसाला 60 ते 80 ग्रॅम जायला हवीत, आणि एवढ्याशा पिशवीत ती मावत नाहीत म्हणून पहिले महिने प्रथिनांची पावडर लागते. याकडे दुर्लक्ष झालं तर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरून पाय सुजतात. ही सूजही दाबली की खळगा पडतो, पण नाडी धावत नाही. बेरीबेरी आणि प्रथिनांची तूट एकाच माणसात दोन्ही असू शकतात, हेही पाहिलेलं आहे.

एक घोळ शब्दाचा. "बायपास झालीय" म्हटलं की शेजाऱ्यापासून कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना हृदयाची बायपास आठवते. धाप लागलेला, पाय सुजलेला माणूस, त्यात "बायपास": सगळी तपासणी हृदयाच्या धमन्यांच्या दिशेने जाते, पोट बाजूला राहतं. म्हणून "पोटाची बायपास, वजनासाठी" असं पूर्ण बोलायचं.

हृदयाच्या बाकीच्या गोष्टी हळू येतात. कॅल्शियम आणि डी-थ्री कमी पडलं, किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षभर चालू राहून मॅग्नेशियम घसरलं, की ईसीजीत क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ, लांबतो आणि ठोके बिघडू शकतात. माणूस सांगतो, ओठांभोवती मुंग्या येतात, रात्री पोटऱ्या आवळतात. कधी रक्तदाब मोजतानाच कळतं: पट्टा फुगवून दोन-तीन मिनिटं ठेवला की मनगट वाकतं, अंगठा आत तळव्याकडे वळतो आणि बोटं सरळ ताठ होऊन एकमेकांना चिकटतात. पट्टा सोडला की हात मोकळा. एकदा पाहिलेला तो हात विसरता येत नाही. अशा माणसाला उलटीसाठी ओन्डानसेट्रॉन आणि घशासाठी अॅझिथ्रोमायसिन एकाच दिवशी देणं धोक्याचं, कारण दोन्ही औषधं क्यूटी लांबवतात. उलट्या होणाऱ्या पेशंटला उलटीचं इंजेक्शन दिलं जाणारच; त्याआधी ईसीजी आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम बघितलं जावं, एवढा आग्रह घरच्यांनी धरावा.

सेलेनियमची तूट काही महिन्यांनी, वर्षांनी लागते, आतड्याचा लांब भाग वगळलेल्या ऑपरेशनांत जास्त. हृदयाचा स्नायू पातळ, ढिला होतो, पंपिंग उतरतं. चीनमधल्या केशान परगण्यात 1935 साली हाच आजार दिसला, तिथल्या मातीत सेलेनियम फार कमी होतं, आणि त्याच परगण्याचं नाव त्याला पडलं. ऑपरेशन झालेल्या माणसाचं हृदय कारण न सापडता मोठं झालं, तर सेलेनियम तपासायला सांगणं योग्य. पण अंदाजाने गोळ्या चालू करू नयेत. दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर ते विषारी ठरू लागतं, आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणजे केस गळणं, नखं तुटणं. म्हणजे ज्यासाठी बहुतेक लोक ते घ्यायला लागतात तेच.

चक्कर हा वेगळा विषय. वजन उतरत जातं तसा रक्तदाब उतरतो, गोळी मात्र जुन्याच डोसची चालू राहते. पाच मिनिटं आडवं पडून एकदा रक्तदाब मोजा, उभं राहून तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 ने पडला तर पाणी, मीठ, बी-ट्वेल्व्ह, रक्त आणि गोळ्यांचा डोस, सगळं तपासायचं. झपाट्याने वजन उतरताना नाडी पन्नाशीच्या घरात येणं हे पुष्कळदा शरीराचं काटकसरीचं वागणं असतं; चक्कर, बेशुद्धी नसेल तर लगेच घाबरू नये.

आता स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांकडे, ज्यांना आपण ऑटोइम्यून म्हणतो. इथे घाई सर्वांत जास्त होते, आणि दोन्ही बाजूंनी होते.

तीन ते सहा महिन्यांत केस गळतात. हे वजन झपाट्याने उतरल्यामुळे होतं आणि बहुधा थांबतं. पण तोपर्यंत कोणीतरी सांगतं म्हणून बायोटिनच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू होतात. रक्ततपासणीच्या बऱ्याच यंत्रांत बायोटिनवर चालणारी पद्धत असते, आणि रक्तातलं जादा बायोटिन तिला फसवतं. टीएसएच खोटं कमी येतं, टी-थ्री आणि टी-फोर खोटे जास्त येतात, काही यंत्रांवर थायरॉइडच्या रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडंसुद्धा खोटी वाढलेली दिसतात. कागदावर ग्रेव्ह्ज, म्हणजे थायरॉइड जादा चालण्याचा ऑटोइम्यून आजार, तयार. त्यात माणसाला धडधड आहे, वजन उतरतंय, हात थरथरतात. सगळं जुळतं आणि सगळंच चूक असू शकतं. याहून वाईट म्हणजे हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन तपासणी खोटी कमी येते: छातीत दुखणारा माणूस "हार्ट अटॅक नाही" म्हणून घरी पाठवला जाऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने 2017 साली याच कारणासाठी इशारा दिला होता. तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवायचं, आणि कॅज्युअल्टीत "मी बायोटिन घेते" हे न विचारता सांगायचं. नमुना घ्यायला घरी येणारा मुलगा हे विचारत नाही, त्याच्या फॉर्मवर तो रकाना नसतो.

केसांसाठीच झिंकही येतं, 50 मिलिग्रॅमचं, एकटं. जास्त झिंक आतड्यात तांब्याला अडवतं. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन उतरतं, पांढऱ्या पेशी उतरतात, पायात मुंग्या येऊन चाल डगमगते. पांढऱ्या पेशी कमी आणि थकवा म्हटल्यावर ल्युपस या ऑटोइम्यून आजाराची शोधाशोध सुरू होते, डगमगती चाल बघून मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारासाठी एमआरआय. तांबं आणि बी-ट्वेल्व्ह दोन्ही तपासल्याशिवाय ते निदान कोणी पक्कं करू नये. झिंक घ्यायचं तर दर 8 ते 15 मिलिग्रॅमला 1 मिलिग्रॅम तांबं सोबत हवं, आणि हा हिशेब गोळीच्या पाठीवर वाचूनच करायचा. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने ही तूट भरून निघत नाही, हेही सांगावं लागतं.

हातपाय लुळे पडत वर चढणारा अशक्तपणा आला की गियाँ-बारेचं (जीबीएस, ज्यात शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं) नाव निघतं. पुणेकरांच्या ते ओळखीचं झालं आहे, 2025 च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या बाजूला त्याची साथ आली होती. पण ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या माणसात थायमिनच्या तुटीनेही अगदी तसंच चित्र उभं राहतं. गियाँ-बारेसाठी महागडं इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं की नाही, हा विचार न्यूरॉलॉजिस्ट करतीलच. तोवर थायमिन देऊन ठेवण्यात काही जात नाही.

हाडं दुखतात, बरगड्या दाबल्या की कळ येते, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत: हे संधिवातासारखं वाटतं, पण डी-थ्रीच्या तुटीने हाडं मऊ पडली तरी असंच होतं. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइडचं संप्रेरक पीटीएच वाढलेलं सापडतं. इथेही एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) तपासलं जातं, 1:80 वर पॉझिटिव्ह येतं आणि घरात रडारड होते. निरोगी माणसांतही दहातल्या एखाद्याचं एएनए इतपत पॉझिटिव्ह असतं. आकड्याबरोबर लक्षणं, लघवीतली प्रथिनं, रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं हे सगळं लागतं. आणि इथे एक बारकावा: वजनाबरोबर स्नायूही झिजलेला असल्याने क्रिएटिनिन मुळातच खाली असतं. मूत्रपिंड बिघडलेलं असूनही आकडा "नॉर्मल" दिसू शकतो. म्हणून लघवीची तपासणी टाळू नये.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच गंभीर: सगळ्याला "ऑपरेशनमुळे कमतरता आहे" म्हणत बसणं. बी-ट्वेल्व्ह कमी, म्हणजे पोट कापल्यामुळे, असं धरून चालतात. पण पर्निशियस अॅनिमिया आधीपासून असू शकतो, ज्यात शरीर स्वतःच इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्ध, म्हणजे बी-ट्वेल्व्ह शोषायला लागणाऱ्या पोटातल्या प्रथिनाविरुद्ध, प्रतिपिंडं करतं. अशा माणसाला थायरॉइडचे ऑटोइम्यून आजारही जास्त सापडतात. सीलिअॅक, म्हणजे गव्हाने आतडं बिघडण्याचा ऑटोइम्यून आजार, ऑपरेशननंतर उघडा पडू शकतो: लोह गोळ्यांनी वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत. त्याची टीटीजी तपासणी गहू खाणाऱ्या माणसातच खरी ठरते. सहा महिने पोळी न खाल्लेल्या पेशंटची टीटीजी निगेटिव्ह आली तर तिला अर्थ नाही. ही तपासणी ऑपरेशनच्या आधी करून फाइलला लावली की पुढचा सगळा घोळ वाचतो.

वगळलेल्या आतड्यात जंतू वाढून ताप, सांधेदुखी आणि दंडांवर पूयुक्त पुळ्या अशी तिघाडी कधी दिसते. जंतूंच्या अंशांविरुद्धच्या प्रतिपिंडांचे गठ्ठे सांध्यांत आणि त्वचेत बसतात म्हणून ती होते, आणि तिला आधी अँटिबायोटिक लागू पडतं. ल्युपस किंवा आमवात ऑपरेशननंतर नव्याने सुरू झाल्याच्या थोड्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत; ऑपरेशनमुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. 2022 मध्ये आलेल्या व्हायटल या मोठ्या चाचणीत रोज 2000 युनिट डी-थ्री घेणाऱ्यांत पाच वर्षांत ऑटोइम्यून आजार 22 टक्क्यांनी कमी आढळले. ते लोक वजनाच्या ऑपरेशनचे पेशंट नव्हते, तरी डी-थ्रीची पातळी 30 च्या वर ठेवायला हे आणखी एक कारण आहे.

आजार खरा निघालाच तर औषधांतही ऑपरेशन आड येतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी बायपासनंतर वर्ज्य, शिवणीवर अल्सर होतो आणि रक्त झिरपून लोह आणखी उतरतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन क्यूटी लांबवतं, म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियम भरून मगच. मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक आम्ल हवंच, पण बी-ट्वेल्व्ह न तपासता नुसतं फॉलिक वाढवलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतू मुकाट्याने बिघडत राहतात.

गोळ्यांच्या वेळा हाच रोजचा झगडा. थायरॉइडची गोळी पहाटे सहाला, नुसत्या पाण्याबरोबर. लोह असलेली मल्टिव्हिटॅमिन दहाला, लिंबूपाण्याबरोबर. बायपास झालेल्यांना आणि पाळी चालू असलेल्या बायकांना 45 ते 60 मिलिग्रॅम लोह लागतं. अमृततुल्यचा चहा त्याच्या आगेमागे तासभर नाही. कॅल्शियम दुपारी एक, पाच आणि रात्री नऊला, 500-500 मिलिग्रॅम, कारण एका वेळी त्याहून जास्त शोषलं जात नाही, आणि लोहाबरोबर घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम सायट्रेटच हवं. मेडिकलमध्ये "हेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून कार्बोनेट हातात ठेवतात. ते विरघळायला आम्ल लागतं आणि पोटातलं आम्ल तर आता कमी झालेलं असतं. मल्टिव्हिटॅमिनच्या पाठीवर थायमिन निदान 12 मिलिग्रॅम आहे का बघायचं, 50 असेल तर उत्तम. बी-ट्वेल्व्ह तोंडाने रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला 1000 चं एक इंजेक्शन. स्लीव्ह झालेल्यांना वाटतं, आपलं आतडं शाबूत आहे, आपल्याला हे लागू नाही. पण इन्ट्रिन्सिक फॅक्टर करणारा पोटाचा भागच काढलेला असतो. त्यांनाही लागू आहे.

रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी, कायम. बारामती, नगर, साताऱ्याहून पुण्यात येऊन ऑपरेशन करून गेलेली माणसं दुसऱ्या वर्षी येईनाशी होतात, कारण वजन उतरलेलं असतं, साखर नॉर्मल असते, बरं वाटत असतं. नेमका तेव्हाच बी-ट्वेल्व्हचा जुना साठा आटत असतो.

प्रत्येकाला मी एक कार्ड करून देते, आधार कार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. त्यावर ऑपरेशनचं पूर्ण नाव आणि तारीख, आणि खाली पाच ओळी. "हृदयाची नव्हे, पोटाची बायपास. उलट्या, गुंगी, सूज किंवा धडधड असल्यास आधी थायमिन शिरेतून, मग ग्लुकोज. मॅग्नेशियम व ईसीजी बघावा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये. बायोटिन घेत असल्यास ट्रोपोनिन व थायरॉइडचे रिपोर्ट फसवे असू शकतात." एक पेशंटच्या पाकिटात, एक मोबाइलच्या कव्हरमागे, आणि एक घरातल्या त्या माणसाकडे, जो रात्री रिक्षा बोलावणार आहे.